दुसरी रेघ

मेरेरिड पुगला जनावरांची भीती कधी वाटलीच नाही. चार वर्षांची असताना ती बैलाच्या पोटाखालून आरपार चालत गेली होती. बाराव्या वर्षी अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून तिने वासराचे पाय सरळ केले होते, कारण बापाचा हात फार जाड होता आणि थोरला भाऊ इडवाल गोठ्याच्या भिंतीला धरून ओकत उभा होता. तिला भीती वाटायची ती खोकल्याची. कुणीही सलग तीनदा खोकलं की ती उठून बाहेर जायची.

हे तिला आईकडून आलं होतं. आईची धाकटी बहीण लुनेड मेरेरिडच्या जन्माआधीच टेकडीवरच्या क्षयाच्या इस्पितळात वारली होती. एकोणीस वर्षांची होती. पण घरात ‘क्षय’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. लुनेड कशाने गेली असं विचारलं की आई म्हणायची, “छातीने गेली,” आणि उठून दुसऱ्या खोलीत जायची. ज्या घरांतून असं माणूस गेलं होतं त्या घरांची नावं सगळ्या खोऱ्याला पाठ होती. तिथल्या मुलींना स्थळं यायची नाहीत, तिथलं लोणी बाजारात कुणी घ्यायचं नाही. म्हणून बोलायचं नाही, एवढंच पोरांनी ओळखायचं.

पुगांचं शेत म्हणजे ब्रिनहेलिग. पश्चिम वेल्समधल्या उतारावर सत्तर गाई, खाली ओढा, वर जुन्या ओकांचं रान. बापामागे शेत इडवालकडे आलं आणि मेरेरिड कडेच्या छोट्या दगडी घरात एकटी राहिली. तिने लग्न केलं नाही. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं. शाळा बंद झाली तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती, आणि त्याच वर्षी ब्रिनहेलिगच्या गाई गुरांच्या टीबीच्या तपासणीत लागोपाठ चौथ्यांदा नापास झाल्या. दर साठ दिवसांनी तपासणी, दर वेळी एकदोन गाई कत्तलखान्याच्या लॉरीत, आणि शेतावरून गुरं विकायला सरकारी बंदी. इडवालचे केस दोन वर्षांत पांढरे झाले.

तेवढ्यात सरकारची एक योजना निघाली. ज्या शेतांवरचा रोग काही केल्या हटत नाही, तिथल्या रानातले बॅजर, म्हणजे बिळात राहणारे, गाईंना हा रोग देतात असा संशय असलेले कुत्र्याएवढे प्राणी, पिंजऱ्यात धरायचे, तिथल्या तिथे रक्त तपासायचं, रोगी निघाला तर झोपेतच संपवायचा आणि निरोगी निघाला तर लस टोचून सोडून द्यायचा. त्यासाठी रान ओळखणारी माणसं हवी होती. ब्रिनहेलिगच्या रानातली बॅजरांची बिळं मेरेरिडला स्वतःच्या मांडणीतल्या बशांसारखी ठाऊक होती. नोकरी लागताना दंडावरचा, शाळेत टोचलेल्या टीबीच्या लशीचा वण दाखवला, तेवढ्यावर भागलं.

या कामाने तिला मित्र मिळाले नाहीत. एकदा गाडीच्या काचेवर ‘खुनी’ अशी चिठ्ठी चिकटवलेली सापडली. आणि इडवाल तर तोंडावरच म्हणायचा, “चांगला धरलेला प्राणी सुई टोचून परत माझ्याच गाईंत सोडता. त्यापेक्षा त्याला चहा-बिस्किटंही देत जा की.”

“शेंगदाणे देतोच,” मेरेरिड म्हणायची.

ते खरंच होतं. बॅजर शेंगदाण्यांसाठी जीव टाकतो. आठ-दहा दिवस उघड्या पिंजऱ्याजवळ शेंगदाणे ठेवून त्याला चटक लावायची, मग एका संध्याकाळी पिंजऱ्याचा खटका लावायचा आणि पहाटे बघायला जायचं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातली अशीच एक पहाट होती. ओकांखाली अजून अंधुक होतं, नेच्यांवरून पाणी गळत होतं. मेरेरिडबरोबर डॉक्टर नुरिया होती. ही गुरांची डॉक्टर स्पेनमधून आलेली, जेमतेम तिशीची, आणि वेल्सच्या उन्हाळ्यातही दोन स्वेटर घालणारी. चार वर्षांत दोघींनी मिळून तीनशेच्या वर बॅजर हाताळले होते.

तिसऱ्या पिंजऱ्यात एक मादी होती. मोठी, पण बरगड्या दिसत होत्या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं तोंड दोन पायांत घालून ती स्वस्थ बसली होती. ना गुरगुर, ना धडपड.

“फारच गरीब आहे ही,” नुरिया म्हणाली.

“गरीब नाही. थकलीय,” मेरेरिड म्हणाली.

नुरियाने जाळीतून मांडीत गुंगीची सुई दिली. दहा मिनिटांनी मेरेरिडने मागच्या पायाची बोटं चिमटीत दाबून पाहिली. हालचाल नाही. दोघींनी मादीला ताडपत्रीवर घेतलं. नुरियाने मानेवरचे केस बाजूला केले आणि तिथेच थांबली. मानेला एक जुनी जखम होती, पुवाने भरलेली.

मग तिने रक्त काढलं, त्यातला थेंब तपासणीच्या पट्टीवर टाकला, वर औषधाचे थेंब सोडले आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं. एक रेघ उमटली की पट्टी नीट चालतेय एवढाच अर्थ. दुसरी उमटली की टीबी.

त्या वीस मिनिटांत वजन करायचं, लांबी मोजायची, दात बघून वयाचा अंदाज लिहायचा. दातांसाठी मेरेरिडने जाड हातमोजा काढला. जाड मोज्याने ओठ नीट उचलता येत नाही म्हणून ती नेहमीच काढायची. नियमात बसत नव्हतं, पण तीनशे जनावरांत काही झालं नव्हतं. पातळ रबरी मोज्यातल्या अंगठ्याने तिने वरचा ओठ उचलला.

मादीने डोळेही उघडले नाहीत. फक्त जबडा मिटला.

दात अंगठ्याखालच्या मांसात गेले आणि तिथेच राहिले. मेरेरिड ओरडली नाही. तिने हात ओढला नाही, ओढला तर मांस फाटतं हे तिला माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, “नुरिया, हिला अजून थोडी दे. लवकर.”

दुसरी सुई चढायला दीड-दोन मिनिटं लागली. तेवढा वेळ मेरेरिड त्या जनावरासमोर गुडघ्यांवर होती, तोंडाला तोंड लावल्यासारखी. मादीचा श्वास तिच्या चेहऱ्यावर येत होता. ऊबदार, ओला, थोडा कुजका. आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी आतून बारीक घरघर होत होती. ती घरघर तिने ऐकली आणि तोंड बाजूला वळवलं. दात लागले तेव्हा ती घाबरली नव्हती. आता घाबरली.

जबडा सुटला. नुरियाने हातावर पाण्याची आख्खी बाटली ओतली, मग दुसरी, मग साबण. रक्त थांबेना. तेवढ्यात घड्याळ वाजलं. दोघींनी एकदमच पट्टीकडे पाहिलं.

दोन रेघा होत्या. दुसरी पहिलीहून गडद.

“आत्ताच्या आत्ता दवाखान्यात,” नुरिया म्हणाली.

“आधी हिचं आवर. हिला जागं होऊ देऊ नकोस.”

नुरियाने शेवटची सुई दिली. मेरेरिडने फडकं गुंडाळलेला हात छातीशी धरून मादीचा श्वास संपेपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, “बाकीचे दोन पिंजरे बघायचे राहिलेत.”

“खड्ड्यात जाऊ देत पिंजरे! चला.”

गाडीत बसल्यावर मेरेरिड म्हणाली, “इडवालला सांगू नकोस.”

“मला वर कळवावं लागेल, मेरेरिड.”

“वर कळव. खाली नको.”

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने जखम तासभर धुतली, टाके न घालता उघडीच ठेवली, धनुर्वाताची सुई दिली, गोळ्या दिल्या. बॅजरच्या चाव्याने माणसाला टीबी होणं फार दुर्मीळ, असं तो म्हणाला. पण लक्ष ठेवा. जखम भरली नाही, काखेत गाठ आली, संध्याकाळी घाम सुटू लागला, वजन उतरलं किंवा खोकला लागला तर लगेच या. मेरेरिडच्या कानात ‘दुर्मीळ’ शिरलाच नाही. बाकीची यादी मात्र पाठ झाली.

घरी येऊन ती चुलीपाशी बसली आणि तिला हेलेड आठवली.

हेलेड म्हणजे इडवालच्या मुलीची, नेस्टाची, नऊ महिन्यांची लेक. नेस्टा गावातल्या पशुखाद्याच्या दुकानात कामाला जायची आणि आठवड्यातल्या तीन दुपारी बाळ मेरेरिडकडे असायचं. आदल्याच दुपारी मेरेरिडने तिला लापशी भरवली होती, प्रत्येक चमच्यावर फुंकर घालून. आणि चार वर्षं ती रोज रोगी जनावरांचे श्वास घेत आली होती. चावा आज झाला, पण श्वास तर कधीपासूनचे. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो गेलाच नाही.

तिने नेस्टाला फोन केला. “मला सर्दी झालीय गं. या आठवड्यात बाळाला नको आणूस.”

पुढच्या आठवड्यात तिला पाठदुखी झाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा सर्दी. हाताचं विचारलं तेव्हा तिने काटेरी तार लागल्याचं सांगितलं.

जखम भरत नव्हती. वरून खपली धरायची आणि आतून पुन्हा पाणी. संध्याकाळी घाम यायचा, पण तो गेली सहा वर्षं येतच होता, तिचं वयच तसलं होतं. आता प्रत्येक घामाला ती खिडकी उघडून बसायची आणि हा कुठला, तो का हा, असा विचार करायची. गवत कापणीचे दिवस होते, हवेत धूळ होती, सगळं खोरं शिंकत-खोकत होतं. मेरेरिड खोकला आला की उशी तोंडावर धरायची. घरात एकटीच असताना. कुणी ऐकेल म्हणून नाही, स्वतःलाच ऐकू येऊ नये म्हणून. तिने आपला कप वेगळा काढला, बशी वेगळी काढली, आणि मग एकदम लक्षात आलं की या घरात दुसरं कुणी जेवतच नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी नेस्टा न सांगता आली. हेलेड कडेवर. मेरेरिडने दाराचा वरचा अर्धा भाग तेवढा उघडला.

“आत्या, तीन-तीन आठवडे सर्दी कुणाला असते?”

“असते एखाद्याला.”

“माझ्यावर रागावलीस का? मागे मी बाळाच्या जेवणावरून बोलले म्हणून? ते मी सहज बोलले होते गं.”

“नाही बाई. राग कसला!”

आवाज ओळखून हेलेडने दोन्ही हात पुढे केले आणि दारावरून पलीकडे झेप घेतली. मेरेरिड मागे सरकली. एक नाही, चांगली दोन पावलं, टेबल लागेपर्यंत. बाळाचे हात हवेतच राहिले.

नेस्टाने ते पाहिलं. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग बंद झाला. “बरं,” ती म्हणाली, “नको असेल तर नको.” आणि गाडीकडे निघून गेली. मेरेरिड तिथेच टेबलाला टेकून उभी राहिली. हाक मारायला तोंड उघडलं तर श्वास बाहेर जाईल, असं तिला खरोखरच वाटलं.

दोन दिवसांनी आंघोळ करताना तिच्या काखेत गाठ लागली. पावट्याच्या दाण्याएवढी.

तिने कुणालाच सांगितलं नाही. पण नुरियाचे डोळे डॉक्टरचे होते. पिंजऱ्यांची डागडुजी करताना तिने विचारलं, “हात वर का होत नाहीये तुमचा?”

“होतोय की.”

“करून दाखवा.”

मेरेरिडने केला. अर्ध्यावर थांबला.

नुरियाने हातातली पक्कड खाली ठेवली. “एखाद्या शेतकऱ्याने लंगडी गाय अशी लपवली असती तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता?”

“गाढव म्हटलं असतं.”

“मग?”

“मला भीती वाटते गं पोरी,” मेरेरिड म्हणाली. हे वाक्य अठ्ठावन्न वर्षांत ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली असेल. “तपासलं नाही तोवर काहीच झालेलं नसतं.”

नुरियाने स्वतः फोन करून मोठ्या इस्पितळातली वेळ घेतली आणि स्वतः गाडी चालवत नेलं. तिथे मेरेरिडच्या दंडाला पट्टा बांधून चार छोट्या नळ्या भरून रक्त काढलं, छातीचा फोटो काढला, काखेतल्या गाठीत लांब सुई घालून आतलं पाणी घेतलं. जखमेतलंही घेतलं. परिचारिका म्हणाली, रक्ताचं आठवड्यात कळेल, पण प्रयोगशाळेत ठेवून जंतू उगवतात का ते बघायला सहा आठवडे लागतील.

“सहा आठवडे?” मेरेरिड म्हणाली. “बॅजरला आम्ही वीस मिनिटांत सांगतो.”

परिचारिका हसली. मेरेरिड विनोद करत नव्हती.

त्याच आठवड्यात ब्रिनहेलिगची तपासणी आली. मंगळवारी गाईंच्या मानेवर सुया टोचल्या, शुक्रवारी टोचल्या जागी गाठी आल्यात का ते बघायचं होतं. शुक्रवारी फाटक सांभाळायला मेरेरिड दर वेळी असायचीच, न जाणं म्हणजे सगळं कबूल करण्यासारखं होतं. ती गेली, पण नाकातोंडाला रुमाल बांधून, वारा जिकडे वाहत होता त्या टोकाला उभी राहिली.

गाई एकेक करून अरुंद वाटेत येत होत्या. तपासणारा डॉक्टर मानेवर हात फिरवायचा, कातडीची घडी मापात धरायचा, आकडा बोलायचा. बहुतेकींना नुसता हात फिरवून जाऊ देत होता. इडवाल लोखंडी कठड्याला धरून उभा होता. डॉक्टरचा हात एखाद्या मानेवर नेहमीपेक्षा जरा जास्त रेंगाळला की इडवाल कठड्यावरून पुढे झुकायचा. बेचाळिसाव्या गाईवर हात रेंगाळला. माप निघालं. मग पुन्हा एकदा माप. ती ब्रियालेन होती, इडवालची लाडकी, चौथ्या वेताची. एकसष्टावी तिचीच लेक. दोघी नापास.

डॉक्टर गेल्यावर इडवालने कठडा सोडला. मग बहिणीकडे वळून म्हणाला, “तुझ्या त्या पट्टेरी तोंडाच्या पाहुण्यांना सांग, जेवण छान झालं म्हणावं.” आणि मग त्याला रुमाल दिसला. “आणि तू काय तोंड बांधून उभी आहेस? दरोडा घालायचाय?”

मेरेरिडला वाटलं होतं की रडू येईल. आलं नाही. तिने अंगणाच्या त्या टोकावरूनच सगळं सांगितलं. चावा, दोन रेघा, गाठ, इस्पितळ. काटेरी तारेचं खोटं होतं, सर्दी खोटी होती. पिशवीतून बटाटे ओतावेत तसं सगळं एकदम बाहेर पडलं.

इडवाल एक पाऊल मागे सरला. अगदी नकळत. तिने ते पाहिलं, आणि तिने पाहिलं हे त्यालाही दिसलं. तो लाजेने लाल झाला. मग अंगण ओलांडून तरातरा तिच्याजवळ आला आणि तिच्या तोंडासमोर उभा राहिला.

“लुनेड मावशीसारखं?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“माहीत नाही.”

“गोळ्या असतात ना आता?”

“असतात.”

तो दूर उभ्या ब्रियालेनकडे बघत राहिला. तिच्या पाठीवर लाल खूण मारली होती. मग म्हणाला, “एक बरंय, मेर. तू गाय असतीस तर सोमवारी तुलाही लॉरीत चढवावं लागलं असतं.”

मेरेरिड हसली. रुमालाआड, छाती दुखेपर्यंत हसली. शेवटी त्या हसण्याचा खोकला झाला. दोघंही तो खोकला थांबायची वाट बघत उभी राहिली.

रक्ताचा निकाल आला. टीबीच्या जंतूंची ओळख तिच्या रक्ताला होती. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या, हळू बोलणाऱ्या होत्या. त्यांनी छातीचा फोटो उजेडावर लावला आणि उजव्या बाजूच्या एका पांढऱ्या ठिपक्यावर पेन ठेवलं.

“हे काय आहे?” मेरेरिडने विचारलं.

“जुनी खूण. खूप जुनी, दगडासारखी झालेली. लहानपणी कधी आजारी होता?”

“सगळीच पोरं असतात.”

“दूध कुठलं प्यायचात?”

“घरचं. शेतावर दुसरं कुठलं दूध असणार?”

“उकळून?”

मेरेरिडला आठवलं. बापाने भरलेली बादली दारात यायची, फेस अजून जिवंत असायचा, आणि ती आणि इडवाल त्यात कप बुडवून प्यायची. ऊन ऊन.

“म्हणजे हे बॅजरचं नाही?”

“तसंही सांगता येणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कदाचित हे पन्नास वर्षं तुमच्यात झोपून आहे. कदाचित त्या जनावराने नव्याने दिलं. रक्ताची तपासणी एवढंच सांगते की भेट झालेली आहे. कधी, ते सांगत नाही. आजच्या घडीला फुप्फुसात जागं काही दिसत नाही, त्यामुळे तुमच्यापासून कुणाला धोका आहे असं मला वाटत नाही. गाठीचा निकाल आला की पक्कं सांगेन.”

‘वाटत नाही’ हे शब्द घेऊन मेरेरिड घरी आली. मग तिने नेस्टाला बोलावलं आणि या वेळी दार पूर्ण उघडलं.

नेस्टाने सगळं उभ्यानेच ऐकलं. मेरेरिडला वाटलं होतं की ती गळ्यात पडेल. ती पडली नाही.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“पाच-सहा आठवडे.”

“आणि आम्हाला नाही सांगितलंस. माझं बाळ, आत्या! तू लांब राहिलीस ते ठीक, पण मला का नाही कळू दिलंस? मी तिला तपासून घेतलं असतं ना! मी आपली आत्याला राग आला, राग आला म्हणून रडत बसले.”

“कसं सांगू कळेना गं.”

“आजीसारखीच झालीस तू,” नेस्टा म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली.

हेलेडला इस्पितळात नेलं. इतक्या लहान बाळाच्या हातावर सुई टोचून दोन-तीन दिवसांनी फुगवटा बघतात, गाईसारखंच. ते दिवस मेरेरिडच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. चावा काहीच नव्हता, गाठ काही नव्हती. तिने स्वयंपाक केला नाही, कपडे बदलले नाहीत. फोनच्या शेजारी खुर्ची ठेवून बसली आणि वाजेल या भीतीने तीनदा त्याची वायर काढून पुन्हा लावली. तिसऱ्या दिवशी दुपारी नेस्टाचा फोन आला. “काही नाही निघालं. हात साफ आहे.” एवढंच बोलून तिने ठेवला. मेरेरिड जमिनीवर बसली ती बराच वेळ उठली नाही.

इडवालनेही तपासून घेतलं. त्याच्या रक्तात काही निघालं नाही. याचा त्याला इतका आनंद झाला की लाज वाटून तो दोन दिवस तिच्या घराकडे फिरकलाच नाही. एकाच बादलीत दोघांचे कप बुडायचे.

सहा आठवड्यांनी गाठीचाही निकाल आला. काहीच उगवलं नव्हतं. गाठ साध्या जखमेची होती आणि ती आपोआप विरली. झोपलेल्या जंतूंसाठी तीन महिने गोळ्या घ्यायच्या होत्या. लघवी शेंदरी व्हायची. पहिल्या सकाळी ती पाहून मेरेरिडला वाटलं, झालं, संपलं आता सगळं. मग औषधाच्या कागदावर बारीक अक्षरात तेच लिहिलेलं सापडलं.

सप्टेंबरच्या शेवटी ती कामावर परतली. दोन जाड हातमोजे, एकावर एक. पहिल्याच आठवड्यात ओढ्याकाठच्या पिंजऱ्यात एक तरुण नर सापडला, तुकतुकीत, धष्टपुष्ट. घड्याळ वाजलं आणि पट्टीवर दुसरी रेघ दिसली. अगदी पुसट, पण होती.

नुरियाने तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही गाडीपाशी जाऊन थांबा हवं तर.”

“हा आजारी दिसतोय का तुला?”

“नाही.”

“मीही दिसत नव्हते.”

“माहीत आहे, मेरेरिड.”

नियम स्पष्ट होता. बिळात एकमेकांना चिकटून झोपणाऱ्या जनावरांत त्याला परत सोडता येणार नव्हतं, आणि तीन महिने रोज गोळी द्यायला रानात कोण जाणार? मेरेरिडने हातमोजा नराच्या पाठीवर ठेवला. “दे,” ती म्हणाली. शेवटपर्यंत हात तिने उचलला नाही.

नेस्टा ऑक्टोबरच्या मध्यावर आली. हेलेड तोवर चालू लागली होती आणि आत्याआजीला विसरली होती. नेस्टाने तिला जमिनीवर सोडलं आणि स्वतः चहा करायला घेतला. मेरेरिड पुढे झाली नाही. बाळ स्वतःहून खुर्चीपर्यंत येऊन तिच्या स्कर्टला धरून उभं राहीपर्यंत तिला अर्धी दुपार वाट बघावी लागली.

योजना आणखी तीन वर्षं चालली. पुढल्या दोन तपासण्यांत ब्रिनहेलिगची प्रत्येकी एक गाय गेली, मग एकही नाही, मग पुन्हा एक. बॅजरांमुळे, गाईंमुळे, की विकत आणलेल्या एखाद्या कालवडीमुळे, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकलं नाही, आणि जो सांगायचा त्याच्याशी मेरेरिड वाद घालत नसे.

शेवटी एका वसंतात लागोपाठ दुसरी तपासणी निर्मळ गेली आणि बंदी उठल्याचं सरकारी पत्र आलं. इडवालने ते वाचून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवलं आणि चार दिवस कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी कुंपण दुरुस्त करताना ते मेरेरिडच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं. नाव बघितलं, तारीख बघितली, पानाच्या मागेही बघितलं.

“चुकून आलं नसेल ना?” इडवालने विचारलं.

“नसेल,” ती म्हणाली. “पण अजून दोन दिवस थांब. मग सांगू नेस्टाला.”